नमुना आम्ही, शास्त्र तुमचं?

आमच्या वस्तीत जेवढे नळ आले नाहीत तेवढे सर्वे आले. खांद्याला झोळी, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. किती जण राहता, किती कमावता, दारू कोण पितं, संडासला कुठं जाता. चहा घेणार का म्हटलं की घड्याळाकडं बघतात. जातात ते जातातच. त्या कागदांचं पुढं काय होतं ते वस्तीला कधी कळत नाही. मला कळलं. कारण एक दिवस तो कागद माझ्याच हातात आला. मी टी.वाय.ला होतो आणि माझा विषय समाजशास्त्र होता.

दोस्तांनो, आधी हे सांगून टाकतो की हा विषय मी निवडला नाही. तो मला वाढला गेला. बारावीला त्रेपन्न टक्के. ॲडमिशनच्या खिडकीतला क्लार्क मार्कशीट बघून म्हणाला, "इकॉनॉमिक्स झेपायचं नाही तुला. सोशो घे. सोपं असतं, नुसतं लिहीत जायचं." नुसतं लिहीत जायचं! माझा आजा बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून मुंबईला आला, त्याला सही येत नव्हती. माझी माय महापालिकेच्या कंत्राटदाराकडं कचऱ्याच्या गाडीवर आहे. चेंबूरच्या सोसायट्यांचा कचरा उचलते. हजेरीच्या चौकीवर अजून अंगठा देते, फक्त शाईऐवजी आता मशीनवर. आणि त्यांच्या घरात मी पहिला. मला म्हणे नुसतं लिहीत जायचंय.

कॉलेजलाही वर्णव्यवस्था असते हे पहिल्याच आठवड्यात कळतं. सायन्सवाले वर, कॉमर्सवाले मध्ये, आर्ट्सवाले खाली. आर्ट्समध्ये परत इंग्लिश-इकॉनॉमिक्सचा सोवळा कोपरा, आणि पार शेवटी, जिन्याखालच्या वर्गात, आम्ही. वर्गात कोण कोण? रात्री दोनपर्यंत डिलिव्हरी करून सकाळी बाकावर डुलक्या घेणारा पोरगा. शिवाजीनगरहून बुरखा घालून येणाऱ्या दोघी बहिणी, त्यातली धाकटी वर्गात सगळ्यांत हुशार. वॉचमनची पोरं, कामवालीच्या पोरी, स्कॉलरशिपचा फॉर्म पोर्टलवर अडकून पडलेले आम्ही पाच-सहा जण. समाजाच्या तळाशी जे जे आहेत त्यांच्याच वाट्याला समाजाचं शास्त्र. ऐकायला झकास वाटतं. वाटलं, चला, निदान इथं तरी आपलं बोलणं निघेल.

निघालं कोणाचं? ऑगस्त कॉम्तचं. फ्रान्समधला माणूस. दीड महिना कॉम्त. मग दुर्खीम, मग वेबर. त्यांचं मला काही वावडं नाही. माणूस कुठलाही असो, डोकं चालवलं असेल तर वाचावं. पण आमच्या सरांनी त्यांचं डोकं शिकवलंच नाही, जन्मसालं शिकवली. व्याख्या पाठ करून घेतल्या. समाज म्हणजे संबंधांचं जाळं, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. जाळं कोणाचं आणि त्यात मासा कोण, ते गाइडात नव्हतं. आणि गाइडाची मराठी तरी काय! स्तरीकरण, सात्मीकरण, भूमिकासंच, प्रकार्यवाद. हे शब्द आमच्या वस्तीत नाहीत, सरांच्या सोसायटीतही नाहीत. कोणाच्याच तोंडात नसलेली ही मराठी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास जिवंत असते. धारावीच्या पोराला "झोपडपट्टी" या विषयावर टीप लिहायला लावतात आणि तो बिचारा गाइडातलं पाठ लिहितो. कारण स्वतःचं बघितलेलं लिहिलं तर मार्क जातात हे त्याला माहीत असतं.

मग आला जातिव्यवस्थेचा धडा. वर्गात एकदम हवा बदलते बघा. सर खुर्चीत जरा सरकून बसतात. आवाज मऊ होतो. आणि सगळी क्रियापदं भूतकाळात जातात. अस्पृश्यता होती. त्यांना गावाबाहेर ठेवलं जाई. त्यांची सावली टाळली जाई. होती, जाई, असे! ज्याच्यावर गुजरतंय तो तिसऱ्या बाकावर बसलाय आणि फळ्यावर तो भूतकाळात आहे. मग सर माझ्याकडं बघणार, पटकन नजर काढून घेणार, आणि म्हणणार, "अर्थात आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे."

त्याच तासाला प्रकार्यवाद. म्हणजे काय, तर समाजात जे जे टिकून आहे ते काहीतरी उपयोगाचं असणार. जात टिकली, म्हणजे जातीचा उपयोग असणार. काय उपयोग? श्रमविभागणी! प्रत्येकाला काम ठरलेलं, बेकारी नाही, स्पर्धा नाही, सगळं कसं गुण्यागोविंदानं. मी हात वर केला. म्हटलं, सर, उपयोग कोणाला? सर म्हणाले, "समाजाला." म्हटलं, माझी माय समाजात येते का? वर्ग हसला. सरही हसले. उत्तर नाही आलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना भाषणाला बोलावलं आणि भाषणाचा मजकूर बघून सभाच रद्द केली. त्या न झालेल्या भाषणात हा श्रमविभागणीचा बुरखा टराटरा फाडून ठेवलाय. कामं वाटली तर माणूस उद्या दुसरं काम धरू शकतो. इथं माणसंच वाटून टाकलीत, एकाच्या डोक्यावर दुसरा, आणि खालच्यानं वर बघायचं नाही. नव्वद वर्षं होत आली. आमच्या गाइडापर्यंत हा युक्तिवाद अजून पोचायचाय. लाहोर लांब आहे म्हणे.

पण माझं डोकं खरं फिरलं ते संस्कृतीकरणाच्या टीपेवर. ही टीप परीक्षेला हमखास येते. श्रीनिवास नावाचे मोठे समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. मैसूरकडचे, मुंबईत घुर्यांच्या हाताखाली शिकलेले. कुर्गातल्या लोकांवर त्यांचं पुस्तक १९५२ साली आलं. त्यांचं म्हणणं, खालच्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलतात, मांस सोडतात, दारू सोडतात, जानवं घालतात, आणि पिढी-दोन पिढ्यांत एखादी पायरी वर सरकतात. ठीक आहे. असं कुठं कुठं होत असेलही. पण गाइडवाल्यानं खाली उदाहरण काय दिलं? महारांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडलं, हे म्हणे संस्कृतीकरण.

वाचलं आणि पुस्तक भिरकावलं. मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेली ढोरं ओढू नका, मढ्याचं मांस खाऊ नका, गावकीचे तुकडे मागू नका. आणि माणसं चालत जाऊन चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्याबद्दल डोकी फुटली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच महाडला मनुस्मृती जाळली. ज्यांनी ग्रंथ जाळला त्यांनी ग्रंथवाल्यांची नक्कल केली म्हणता? आमच्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून ढोर सोडलं ते ब्राह्मण दिसायला नाही, माणूस दिसायला. पुढं १९५६ ला नागपुरात त्यांनी तुमची शिडीच सोडली. आणि तुम्ही अजून आम्ही कितव्या पायरीवर आहोत ते मोजताय!

श्रीनिवासांच्या प्रामाणिकपणाला मात्र मी सलाम करतो, कारण तो त्यांच्या चेल्यांत नाही. १९४८ साली ते रामपुरा नावाच्या गावात राहिले. कुठं राहिले? गावच्या पाटलाच्या आसऱ्याला, त्याच्याच घरात. पुढं १९७० ला अमेरिकेत त्यांच्या टिपणांना आग लागली, मग त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं, ते १९७६ ला आलं. त्यात ते कबूल करतात की आपल्याला गाव दिसलं ते वरच्या जातींच्या बाजूनं, हरिजनांशी आपला संबंध तोकडाच राहिला. बाप्पा! पाटलाच्या ओसरीवरून महारवाडा जेवढा दिसतो तेवढाच दिसणार. पण आमच्या अभ्यासक्रमात ते पुस्तक "खेड्याचा अभ्यास" म्हणून येतं, "पाटलाच्या ओसरीवरून खेडं" म्हणून येत नाही.

आता खरी गंमत ऐका. वस्तीच्या वाचनालयात बाबासाहेबांच्या ग्रंथांची रांग आहे. सरकारनं छापलेले जाडजूड खंड. चौदा एप्रिलला त्यांच्यावरची धूळ झटकतात, हार घालतात, परत धूळ. मी पहिला खंड काढला, १९७९ चा. पानं एकमेकांना चिकटलेली. म्हणजे आतापर्यंत कोणी उघडलाच नव्हता! त्यातला पहिलाच निबंध भारतातल्या जातींवर. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर नावाच्या प्राध्यापकाच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात, पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं तो वाचला. विद्यार्थी, बरं का. आपल्यासारखा. सरांसमोर उभा राहून सबमिशन करणारा. पुढच्या वर्षी तो इंडियन अँटिक्वेरीत छापूनही आला.

डिक्शनरी घेऊन बसलो. नऊ रात्री लागल्या. त्यात काय आहे? एक म्हणजे, जातीचा प्राण शिवाशिवीत नाही, धंद्यात नाही, तो लग्नात आहे. आपल्यातच लग्न लावण्याची सक्ती जोवर आहे तोवर जात आहे. दुसरं, ही सक्ती टिकवायची तर बायका-पुरुषांचा आकडा जुळता ठेवावा लागतो. नवरा मेला की बाई जास्तीची झाली. तिचं काय करायचं? जाळा. नाहीतर जिवंतपणी जाळा, म्हणजे केस काढून कोपऱ्यात बसवा. बायको मेली की पुरुष जास्तीचा. त्याला जाळत नाहीत, त्याला पाळण्यातली पोर आणून देतात. सती, विधवापण, बालविवाह ही सगळी त्या एकाच यंत्राची चाकं. आणि तिसरं, एका वर्गानं अशी दारं लावून घेतली, मग बाकीच्यांनी वरच्यांचं बघून आपापली लावली, आणि जे उरले ते बाहेरच कोंडले गेले. वरच्यांची नक्कल! इमिटेशन! फ्रेंच समाजशास्त्रज्ञ टार्डचा आधार देऊन बाबासाहेबांनी हे मांडलंय. श्रीनिवासांच्या पुस्तकाच्या छत्तीस वर्षं आधी. नव्हे, श्रीनिवासांच्या जन्माच्या आधी. ते जन्मले नोव्हेंबर १९१६ ला. निबंध वाचला गेला मे महिन्यात.

फरकही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा नुसता साल दाखवतोय. बाबासाहेबांच्या मांडणीत नक्कल हा रोग आहे. त्या रोगानं दारं बंद होत जातात आणि बायका त्यात भरडतात. संस्कृतीकरणाच्या टीपेत नक्कल ही शिडी आहे. एकानं जातीचं यंत्र खोलून दाखवलं, दुसऱ्यानं यंत्राच्या आतली हालचाल टिपली. आणि आमच्या वर्गात दुसऱ्याचा फोटो समाजशास्त्रज्ञ म्हणून, पहिल्याचा फोटो ऑफिसात, घटनेचे शिल्पकार म्हणून. सरांना विचारलं, हा निबंध अभ्यासाला का नाही? म्हणाले, "आंबेडकर हे राजकारणात येतात. तो पेपर वेगळा."

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला. देशातला पहिला. चालवायला आणलं पॅट्रिक गेडेस नावाच्या स्कॉटिश साहेबाला. १९२४ ला घुर्ये प्रमुख झाले. त्याच १९१९ साली, त्याच मुंबईत, कोलंबियात जातीवर निबंध वाचून आलेला माणूस परळच्या चाळीत राहत होता आणि सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होता. परळ ते फोर्ट किती लांब? ट्रामचा एक प्रवास. तेवढं अंतर या शास्त्राला शंभर वर्षांत धड कापता आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो, १९१६ काय नि १९५२ काय. पडतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला लटकावलं. का? वरच्या जातीच्या पोरीशी बोलला म्हणून. २०१७ ला खटल्यातले आरोपी सुटले. आता त्या पोराचं मरण कुठल्या टीपेत बसवायचं? शिडीच्या टीपेत ते बसत नाही. १९१६ च्या निबंधात मात्र ते आख्खं बसतं, कारण त्यानं नेमकं त्या दारावर हात ठेवला होता ज्याच्यामुळं जात जात आहे. कुठलं शास्त्र आपल्याला आपलं मरण समजावून सांगतं आणि कुठलं त्यावर चादर घालतं, हा फरक आहे. मार्कांचा नाही.

हां, तर तो कागद. टी.वाय.ला प्रोजेक्ट असतं. सरांनी विषय दिला, झोपडपट्टीतील कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी. गोवंडी घेतली. मला म्हणाले, "तू तिथलाच आहेस. तुला माहिती पटकन मिळेल. यालाच सहभागी निरीक्षण म्हणतात." सर, जन्मल्यापासून मी सहभागीच आहे, निरीक्षणाची वेळ आज आली.

माझ्या गल्लीतली वीस घरं माझ्याकडं. पहिलं घर शेजारच्या सखूमावशीचं. मी पॅड घेऊन दारात उभा. "मावशी, कुटुंबप्रमुखाचं नाव?" ती बघतच राहिली. मग "जात?" मावशीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "आरं, तुला ठावं न्हाई का? मलाच इचारायलास?" धर्माच्या रकान्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, इतर. मी "इतर"वर खूण केली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी जे सोडलं त्याची आठवण प्रश्नावलीला नाही, आम्ही इतर. मग "व्यसन?" मावशीचा नवरा दारूनं गेला, त्याला खांदा मी दिलाय. आणि मी विचारतोय, व्यसन? हो किंवा नाही?

त्या रात्री मायनं पॅड उचलून बघितलं. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "ह्ये समदं भरून कुणाला द्यायचं?" म्हटलं, सरांना. "त्येन्ला कशाला पायजे?" मला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं समाजशास्त्र शिकून मला त्या एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

प्राध्यापक गोपाळ गुरू यांचा २००२ चा एक लेख आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्या समाजविज्ञानात चातुर्वर्ण्य आहे. सिद्धांत मांडणारे वरचे, माहितीचे भारे वाहणारे खालचे. वाचलं तेव्हा पॅड डोळ्यांसमोर आलं. माय कचरा वाहते, मी माहिती वाहतो. गाडी वेगळी, मुकादम तोच.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. १८९६ साली फिलाडेल्फियाच्या विद्यापीठानं ड्यू बॉइस नावाच्या काळ्या विद्वानाला शहरातल्या काळ्यांच्या वस्तीची पाहणी करायला नेमलं. वस्ती बिघडलीय आणि शहर बिघडवतेय, हे आधीच ठरलेलं. त्याला शिकवायला धड वर्ग दिला नाही. तो बायकोला घेऊन त्या वस्तीतच राहिला, दारोदार स्वतः फिरला, आणि १८९९ ला पुस्तक काढलं. लोकांत खोट काय ते त्यानं लपवलं नाही. पण नोकरी कोण देत नाही, घरभाडं जास्त कोण घेतं, हेही मोजलं. वस्तीकडं पाठवलेला कागद त्यानं शहराच्या तोंडावर धरला. बाबासाहेबांनी या ड्यू बॉइसला १९४६ साली पत्र लिहिलं होतं आणि त्यानं उत्तरही दिलं. दोघांनी एकमेकांना ओळखलं. आमच्या गाइडनं दोघांनाही नाही.

मग मी ठरवलं, प्रश्नावली उलटी करायची. सरांकडं गेलो. म्हटलं, सर, वस्तीची पाहणी बाकीचे करतायत, मला सोसायटीची करू द्या. तुमच्या सोसायटीची. सर म्हणाले, "तिथं काय अभ्यास करणार?" हे वाक्य दोस्तांनो लिहून ठेवा. आमच्या घरात अभ्यास करण्यासारखं सगळं, त्यांच्या घरात काहीच नाही! जणू जात आमच्याकडंच राहते, भाड्यानं, आणि त्यांच्याकडं कधी आलीच नाही.

हे काही मी शोधून काढलं नाही. २०११-१२ साली देशभरातल्या बेचाळीस हजार घरांत एक पाहणी झाली, तिनं सरळ विचारलं की तुमच्या घरात अस्पृश्यता पाळतात का, दलितानं तुमच्या स्वैपाकघरात यावं, तुमची भांडी वापरावी हे चालेल का. १०० घरांत २७ घरांनी पाळतो असं सांगितलं किंवा भांड्यांचं चालणार नाही म्हटलं. तोंडावर कबूल करणारेच २७! आणि जातीबाहेरची लग्नं निघाली १०० त ५ च्या आसपास. १९१६ च्या निबंधाला याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं पाहिजे? बघा, योग्य दारावर टकटक केली की सर्वेही बोलतो.

मी सरांना न सांगता गेलो. वॉचमन आमच्याच गल्लीतला, त्यानं वर सोडलं. चौदा दारं वाजवली, सहा उघडली. माझे प्रश्न साधे होते. तुमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या बाईचा चहाचा कप कुठं ठेवता? तुमच्या घरात तीन पिढ्यांत जातीबाहेर लग्नं किती? खोली भाड्यानं देताना आडनाव विचारता का? तुमचा संडास साफ करणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव काय? मासिक उत्पन्न किती? व्यसन? व्यसनावर एका काकांनी दार आपटलं. मावशीनं आपटलं नव्हतं, हेही मी नोंदवलं. सहाही घरांत पहिलं वाक्य एकच, आमच्याकडं जात कोणी मानत नाही. आणि लिफ्टशेजारी पाटी, नोकरांनी जिना वापरावा.

वीसपैकी सहा मार्क आले. शेरा होता, "संशोधक वस्तुनिष्ठ नाही." आपल्या वस्तीत गेलो तेव्हा मी तिथला होतो म्हणून माहिती पटकन मिळणार होती. त्यांच्या सोसायटीत गेलो तेव्हा मी तिथला नव्हतो म्हणून माझी दृष्टी दूषित. म्हणजे सर वस्तीत आले तर शास्त्र, मी सोसायटीत गेलो तर आगाऊपणा.

इथं आपल्यातले काही जण टाळ्या वाजवतील. म्हणतील, बघ, सांगत होतो, त्यांचं शास्त्र जाळून टाक, एम.पी.एस.सी. कर, नाहीतर मोर्चाला ये. त्यांच्याशी माझं खरं भांडण आहे. जाळायला आधी वाचावं लागतं. महाडला मनुस्मृती जाळणाऱ्यानं ती वाचली होती. तुम्ही जयभीम जोरात म्हणता आणि पहिल्या खंडाची पानं चिकटलेली. स्टेटसला निळा झेंडा आणि सोयरीक जुळवताना पोटजात. मातंगाच्या घरात पोरगी द्यायची म्हटली की आपल्या बौद्ध काकांचा चेहरा बघा, सरांच्या सोसायटीतल्या काकांसारखाच दिसतो. तो निबंध आपल्यालाही सोडत नाही, म्हणूनच आपण तो उघडत नाही. हे लिहिताना माझाही हात अडखळतोय, कारण माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न तसंच जुळवलं आणि मी पंगतीत वाढत होतो.

आणि हे शास्त्र त्यांच्या बापाचं कधीपासून झालं? १८५५ साली ज्ञानोदयात मांग-महारांच्या दुःखावर निबंध छापून आला, तो लिहिला मुक्ता साळवे नावाच्या शाळकरी मांग पोरीनं, जोतिबा-सावित्रीच्या शाळेतल्या. मुंबईत विभाग निघायच्या चौसष्ट वर्षं आधी. जोतिबांनी शेतकऱ्याच्या घरातली भाकरी, कर्ज, कज्जे मोजत असूड ओढला तो १८८३ ला. विभाग नव्हता, विषय होता. जन्मानं आपल्यातल्या नसलेल्याही काही जणी नीट बाजूला येऊन उभ्या राहिल्या. गेल ऑम्वेट अमेरिकेतून आली, ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावची होऊन २०२१ ला तिथंच गेली. शर्मिला रेगे पुण्याला समाजशास्त्र शिकवत, त्यांनी दलित बायकांच्या आत्मकथनांना अभ्यासाच्या टेबलावर आणून ठेवलं, ती ज्ञान म्हणून, नमुना म्हणून नाही. २०१३ ला त्या गेल्या. मी त्यांना कधी बघितलं नाही. त्यांच्या वर्गात बसलेल्या एका ताईनं सांगितलं की तिथं पोरांना बोलायला लावायचे. एवढ्याशा गोष्टीचा हेवा वाटावा, असं माझं शिक्षण झालं.

म्हणून हा विषय सोडायचा नाही. जिन्याखालच्या वर्गात आपणच बसतो ना? मग तो वर्ग आपला. सर टीप सांगतील ती लिहा, मार्कही घ्या, उपाशी राहून क्रांती होत नाही. पण प्रत्येक टीपेखाली एक ओळ स्वतःची लिहा, आणि ती वर्गात मोठ्यानं वाचा. वाचल्यावर काय होतं ते बघत बसा, तेच निरीक्षण.

माझे ते सहा फॉर्म पिशवीत पडून होते. परवा माय म्हणाली, त्या बंगलेवाल्यांनी काय सांगितलं ते वाच. वाचलं. संडास साफ करणाऱ्याचं नाव सहातल्या एकालाही माहीत नव्हतं, तिथं ती हसली. मग एकेका घराचं नाव विचारून म्हणाली, "दुसऱ्या माळ्यावरला व्यसन न्हाई म्हनला? बाटल्या मीच उचलते की त्याच्या, पेपरात गुंडाळलेल्या. आन् ती खालची, आमी काय तसलं खात न्हाई म्हनणारी, हाडकं काळ्या पिशवीत बांधून टाकती, शेजाऱ्याला दिसू नये म्हनून." पंधरा वर्षं ती त्या सोसायटीचा कचरा उचलतेय. कोण काय खातं, काय फेकतं, कोणाची औषधं वाढली, कोणाच्या घरी भांडण होऊन कपबशा फुटल्या, सगळं तिला तोंडपाठ. आजवर एकाही सर्वेवाल्यानं तिला हे विचारलं नाही. मी सरांचा कोरा फॉर्म घेतला, उलटा केला, आणि मागच्या बाजूवर लिहायला बसलो. ती सांगत होती. बाराला दिवा गेला तरी सांगत होती.

उलटी प्रश्नावली वाचनालयात ठेवलीय. दर रविवारी संध्याकाळी सहाला बसतो, आपण सगळे मिळून तिच्यात प्रश्न घालू. समाजशास्त्र न घेतलेल्यांनीही यावं. पेन स्वतःचं आणा, आणि आईला घेऊन या.